परसात भिरंड (कोकम) लावायची आहे? आधी नर-मादीचं बघा

गेल्या मे महिन्यात भाची लडाखहून सीबकथॉर्नच्या रसाची बाटली घेऊन आली. रंग नारिंगी, आंबटपणा असा की एक डोळा आपोआप मिटतो. दोन घोट झाले आणि तिने विचारलं, "मावशी, तुझ्याकडे एवढी जागा आहे, याचं झाड लावू या ना! ऑनलाइन बिया मिळतात."

मिळतात, खरं आहे. पण लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या गोव्यातल्या फोंड्यात जुलैच्या एखाद्या दिवसातच तेवढा कोसळतो. तिथे या झुडपाला छरमा म्हणतात. नुब्रासारख्या खोऱ्यांत नदीकाठच्या रेती-गोट्यांत ते वाढतं, हाडं गोठवणारी थंडी काढतं आणि ती थंडी मिळाली तरच पुढच्या हंगामात नीट फुलतं. आमच्याकडे श्रावण येईपर्यंत त्याची मुळं कुजायची. हे सगळं तिला सांगताना मला हसू येत होतं ते मात्र वेगळ्याच गोष्टीचं. छरम्यात नर झुडूप वेगळं, मादी वेगळी. फळं मादीलाच, तीही आसपास नर असेल तर. आणि फुलोरा येईपर्यंत कोण काय ते कळायची सोय नाही. म्हणजे थेट आमच्या भिरंडीची कथा!

भिरंड म्हणजे कोकम. सिंधुदुर्गात फळाला रातांबा म्हणतील, आमच्याकडे भिरंडच. ही कथा मला तोंडपाठ आहे, कारण तिने माझी तब्बल पंधरा वर्षं घेतली. २०१० च्या पावसात मी बियांपासून केलेली तीन रोपं लावली. एक वाळवीने खाल्लं. उरलेली दोन साडेसात वर्षं सांभाळली, २०१७ च्या डिसेंबरात दोन्ही फुलांनी भरली, आणि शेजारच्या कुळागरातले (पोफळीच्या बागेतले) काका कुंपणापाशी उभे राहून म्हणाले, "दोगूय दादले मगो बाये! हांकां फळां लागचीं नात." दोन्ही नर. २०१८ ला कलम आणलं, त्याचं काय झालं ते खाली सातव्या पायरीत येईल. २०२० ला पुन्हा दोन कलमं लावली आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिली टोपलीभर भिरंडं घरात आली.

तुम्हाला हे पाच वर्षांत जमू शकतं. ते असं.

१. आधी वाड्यावर फिरून या

पहिलं काम खड्ड्याचं नाही, पायपिटीचं आहे. भिरंड नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान फुलते. त्या दिवसांत आसपासच्या परसांत, कुळागरांत, देवळामागच्या राईत भिरंडी कुठे आहेत ते बघून ठेवा. उंच, निमुळतं, खाली लोंबणाऱ्या फांद्यांचं झाड. कोवळी पालवी तांबूस असते, त्यामुळे लांबूनही ओळखू येतं.

मग फूल हातात घ्या. नर झाडाला फुलं झुबक्याने येतात. एका बेचक्यात चार-सहा, आणि प्रत्येकाच्या मध्यभागी पुंकेसरांचा दाटीवाटीचा पिवळसर गोळा. झाडाखाली अशा फुलांचा सडा पडलेला दिसेल. मादीची फुलं एकेकटी किंवा दोन-तीन. पाकळ्या बाजूला केल्यात की आत हिरवा, वाटाण्याएवढा गोल अंडाशय आणि त्याच्या डोक्यावर चकतीसारखी बसलेली टोपी दिसते. एकदा दोन्ही फुलं शेजारी शेजारी ठेवून पाहिलीत की पुन्हा चूक होणार नाही. (एकाच झाडावर दोन्ही धर्माची फुलं असलेली झाडंही असतात. तुमच्या वाड्यावर तसं सापडलं तर मालकाशी आतापासूनच गोड बोला.)

ही पायपीट कशासाठी? जवळपास नर झाड असेल तर तुम्हाला फक्त मादीची कलमं आणायची आहेत. नसेल तर एक नरही लावावा लागेल. बागायतीत साधारण दहा झाडांत एक नर ठेवतात. परसात दोनच झाडं लावणाऱ्याला हे प्रमाण परवडत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या नराची चौकशी.

२. रोप नको, कलम घ्या

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पावसाच्या तोंडाला भिरंडीची रोपं मिळतात, तरतरीत आणि स्वस्त. त्यांच्याकडे बघा आणि पुढे चला. बियांच्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं लागतात. विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. "मादीच आहे हो" असं रोपाबद्दल कोणी छातीठोकपणे सांगितलं तर तिथून काहीच घेऊ नका.

कलम म्हणजे फळं देणाऱ्या मादी झाडाची काडी लहान रोपावर बांधलेली. ते मादीच राहतं, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी फळाला येतं. जातींमध्ये दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या दोन नावाजलेल्या: कोकण अमृता, जी १९९७ साली आली, आणि मोठ्या फळांची कोकण हातिस. माझं मत अमृताच्या बाजूने आहे. फळ मध्यम असतं, पण साल जाड, आणि बहुतेक फळं पावसाआधी हाती लागतात. भिरंडीचा सगळा जीव सालीत आहे. नुसतं मोठं फळ घेऊन काय करायचं?

३. कलम कुठे मिळतं, कागद काय लागतात

जुन्या गोव्याला एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. तिथे आधी चौकशी करा. त्याशिवाय कृषी खात्याचे फार्म आहेत, आम्हाला जवळचा खांडेपारजवळचा कोडार, सांग्याकडच्यांना काले. सगळीकडे एकच गोष्ट: कलमं मोजकी असतात आणि पहिला पाऊस पडला की तीन दिवसांत संपतात. एप्रिलमध्येच फोन करून नाव नोंदवता येतं का ते विचारा. मी पहिल्या खेपेला जुलैच्या मध्यावर गेले होते आणि लिंबाची कलमं घेऊन परत आले.

दोन कलमं विकत घ्यायला कुठलाच कागद लागत नाही. जास्त झाडं लावून सरकारी अनुदान घ्यायचं असेल तर मात्र कृषी कार्ड हवं, ते तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात होतं. जाताना सोबत हे न्या:

- जमिनीचा एक-चौदाचा उतारा
- आधार कार्ड आणि त्याची प्रत
- बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत
- पासपोर्ट आकाराचे फोटो

उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल, किंवा चार काकांची नावं असतील (गोव्यात कोणाच्या उताऱ्यावर नसतात?), तर फॉर्म भरण्याआधी खिडकीवरच विचारा की आणखी काय जोडायचं. घरी येऊन पुन्हा जाण्यात एक आख्खा दिवस जातो. आणि अनुदान हवं असेल तर कलमांची पावती फेकू नका.

४. कलम निवडताना

इथे घाई करू नका. मागे माणसं उभी असली तरी पिशवी उचलून नीट बघा.

सांधा शोधा. मातीपासून वीतभर उंचीवर खोडाला गाठ किंवा तिरका व्रण दिसायला हवा. सांधाच दिसत नसेल तर ते रोप आहे, कलमाच्या भावात विकायला ठेवलेलं. सांध्यावर किमान दोन नव्या पानांच्या जोड्या फुटून पक्क्या झालेल्या असाव्यात. काडी हिरवी आहे पण नवी फूट नाही, असं कलम घेऊ नका, ते अजून जगलेलं नाही. सांध्याखाली एखादा कोंब आलेला असेल तर तो तिथल्या तिथे खुडायला लावा. पिशवीच्या बुडातून जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत घुसलेलं असेल तर ते उपटताना तुटणार, दुसरी पिशवी घ्या.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. भिरंडीच्या उभ्या शेंड्याची काडी बांधली तर झाड सरळ उंच वाढतं. आडव्या फांदीची काडी बांधली तर ते जन्मभर आडवंच वाढतं, झुडपासारखं पसरतं. बागायतदाराला उभं हवं असतं. परसाला मात्र माझ्या मते आडवंही चालतं. माझ्या दोन कलमांतलं एक तसंच निघालं. जागा जास्त अडवतं, सुरुवातीला काठीचा आधार मागतं, पण भिरंडं उभ्या उभ्या हाताने काढता येतात. शिडीवर चढायचं माझं वय राहिलेलं नाही.

५. जागा आणि खड्डा

दोन झाडांत सहा मीटर अंतर ठेवा, घराच्या भिंतीपासून आणि शोषखड्ड्यापासूनही साधारण तेवढंच. माडाच्या अगदी खाली लावू नका. एक सुकं चुडत (झावळी) नेमकं कोवळ्या कलमावरच पडतं. पोफळीच्या कुळागरात जागा असेल तर उत्तम, भिरंडीला लहानपणी थोडी सावली आवडते. मात्र पाणी साचणारा खोलगट भाग टाळा.

आमच्याकडे खरी अडचण खडकाची. वरची तांबडी माती हातभर, खाली जांभा. खड्डा ६० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल हवा, आणि तो मे महिन्यात खणून तापू द्यायचा. दगड लागला म्हणून तीस सेंटिमीटरवर थांबू नका, पिकास घ्या नाहीतर माणूस लावा. सपाट जांभ्यात खड्डा खणला तर पावसात त्याची बादली होते. अशा ठिकाणी एका बाजूने पाणी वाहून जाईल असा चर काढावाच लागतो.

भरताना वरची माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि सुका पालापाचोळा. वाळवी असेल तर थोडी निंबोळी पेंड. ताजं शेण घालू नका, ते वाळवीला आमंत्रण.

हत्यारं: पिकास, फावडं, धारदार सिकेटर, दोन बांबूच्या काठ्या, सुतळी, ब्लेड.

६. लावणी

पाऊस स्थिरावला की. मिरगाचे पहिले दोन-चार शिडकावे पडून पुन्हा ऊन तापतं, त्यात फसू नका. आमच्याकडे सांज्यांवच्या, म्हणजे २४ जूनच्या, आसपास लावलेलं चांगलं लागतं.

पिशवी ब्लेडने उभी कापा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. सांधा जमिनीच्या वर राहायला हवा, मातीत गाडला गेला तर सगळं मुसळ केरात. सांध्याभोवती प्लास्टिकची पट्टी अजून असेल आणि सांधा भरून आला असेल तर ती ब्लेडने अलगद कापून काढा, नाहीतर खोड जाड होताना पट्टी आत रुतते. शेजारी काठी रोवून सुतळीने इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखी सैल गाठ मारा. बुंध्याशी माती किंचित उंच करा, म्हणजे पाणी थांबणार नाही. झालं.

७. पहिली तीन वर्षं: सांध्याखालची फूट

२०१८ चं माझं कलम एका खासगी नर्सरीतून आणलेलं, तब्येतीने छान होतं. पहिल्या वर्षी ते इतकं जोमात वाढलं की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. दोन वर्षांनी खाली बसून गवत काढताना लक्षात आलं की जोमात वाढणारी ती उभी, सरळ फांदी सांध्याच्या चार बोटं खालून निघालेली आहे. वरचं खरं कलम कधीच सुकून काडी झालं होतं. म्हणजे दोन वर्षं मी खालच्या रोपाला खत घालत होते, आणि ते नर की मादी ते देव जाणे. यात नर्सरीचा दोष नाही, माझाच.

म्हणून दर पंधरा दिवसांनी, पावसात तर आठवड्याला, खाली वाकून बघायचं. सांध्याखाली टाचणीच्या डोक्याएवढा तांबूस कोंब दिसला की नखाने खुडायचा. वाढू दिला तर तो सगळा रस ओढून घेतो. लक्षात राहावं म्हणून मी सांध्याच्या वर लाल लोकरीचा सैल धागा बांधते. धाग्याखालचं सगळं खुडायचं, एवढाच नियम. घरात कोणालाही सांगता येतो.

बाकी काळजी फार नाही. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी हवंच, फेब्रुवारीपासून आठवड्यातून दोनदा. बुंध्यापासून थोडं लांब पालापाचोळ्याचं आच्छादन. पहिल्या एप्रिल-मेमध्ये चुडताची सावली करा, दुपारच्या उन्हात पानं करपतात. शेणखत वर्षातून एकदा, पावसाच्या सुरुवातीला, पहिल्या वर्षी दोन किलो आणि मग दरवर्षी वाढवत.

रोगांत एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवा. जोराच्या पावसाळ्यात फांदीच्या बेचक्यात आधी पांढरट, मग गुलाबी बुरशीचा थर दिसू लागतो आणि तिथून पुढची फांदी वाळते. वाळलेल्या भागाच्या खाली, निरोगी लाकडात कापा, कापल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा, कापलेली फांदी परसात टाकू नका, जाळा.

८. फुलं आली, फळं धरत नाहीत

आधी फूल उघडून बघा (पहिली पायरी). मादी असूनही फळ धरत नसेल तर नर लांब आहे. फुललेल्या नराची एखादी फांदी आणून पाण्याच्या डब्यात ठेवून मादीच्या फांदीला टांगा, किंवा नर फुलं हातात घेऊन उघडलेल्या मादी फुलांवर हलकेच टेकवत जा. लहान झाडावर हे करता येतं. मी सकाळी करते, शेजारीण हसते.

आणि झाड नरच निघालं तर? कोयता उचलू नका. गोव्यात खासगी जमिनीतलं झाड तोडायलाही १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. शिवाय तोडायचं कशाला? जाणकार माळी असेल तर नराच्या फांद्यांवर मादीच्या काड्या बांधून घेता येतात. माझ्या दोन नरांपैकी एकावर तसं केलं, दोन कलमं जगली आहेत, फळ अजून नाही. दुसरा नर तसाच ठेवला आहे. वाड्यावरच्या तीन परसांतल्या माद्यांना आज त्याचाच आधार आहे, हे काकांनीच मला सांगितलं.

९. काढणी: पावसाशी शर्यत

भिरंडं एकदम पिकत नाहीत. एप्रिलपासून सुरू होतात, बियांपासून वाढलेल्या झाडांची तर जूनपर्यंत रेंगाळतात. पावसात सापडलेलं फळ सुकवता येत नाही, दोन दिवसांत बुरशी. म्हणून तीन-चार दिवसांआड झेल्याने लालभडक झालेली काढत राहा, सगळं झाड एकदम पिकायची वाट बघू नका. माकडं तर नाहीच बघत. आमच्याकडे ती पहाटे येतात, आपण चहानंतर जातो, हिशोब तिथेच चुकतो.

१०. सोलां, आगळ, आणि बिया

फळं धुऊन, पुसून, दोन भाग करायचे. गर आणि बिया एका भांड्यात, साली दुसऱ्या. भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनी मातीचं. ॲल्युमिनियमचं अजिबात नको, आंबट त्याला खातं.

सोलांसाठी (घाटावर आमसुलं म्हणतात) साली उन्हात घालायच्या. गराच्या रसात मीठ घालून ठेवायचं, संध्याकाळी साली त्या रसात बुडवायच्या, सकाळी पुन्हा ऊन. असं पाच-सहा दिवस, काळीभोर आणि चामट होईपर्यंत. पुरुमेंताच्या फेस्ताला (पावसाळ्याच्या बेगमीच्या जत्रेला) बाजारात जी सोलां मिळतात त्यांतली काही एका उन्हातली असतात, ती श्रावणात बुरसतात. घरची दोन वर्षंही टिकतात. सोलकढीला आगळ हवं तर साली मिठात घालून बरणीत ठेवा आणि सुटलेला रस गाळून बाटल्यांत भरा. सरबताला एक किलो सालींना दोन किलो साखर, बरणीत थरावर थर, आठवडाभर उन्हात, रोज एकदा हलवायची.

मीठ घालताना हात आखडता घेऊ नका. आगळ बिघडलं तर बहुतेक वेळा कारण तेच असतं.

बिया टाकू नका. धुऊन कडकडीत वाळवा, फोडून आतला गर कुटा आणि पाण्यात उकळा. वर तरंगणारं तेल थंड झालं की पांढरट घट्ट गोळा होतो. हेच भिरंडेल, टाचांच्या भेगांना. यंदा माझ्या टोपलीभर भिरंडांच्या बियांतून लिंबाएवढा एकच गोळा निघाला. अर्धा काकांना दिला, उरलेला भाची लडाखला परत जाताना घेऊन गेली, तिथल्या थंडीत तिचे ओठ फुटतात.